दोन मॉनिटर आणि गायब होणाऱ्या विंडो: आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

लक्षणं आधी. यातलं तुमचं कोणतं ते ठरवा, पुढचा रस्ता त्यावरून ठरतो.

– प्रोग्रॅम चालू आहे, टास्कबारवर त्याच्या चिन्हाखाली रेघ आहे, माउस नेला तर छोटं चित्रही दिसतं. क्लिक केलं की मात्र स्क्रीनवर काहीच येत नाही.
– प्रोग्रॅम समोर आहे पण गोठल्यासारखा. कुठेही क्लिक करा, नुसता ‘टंग’ असा आवाज.
– चहाला जाऊन आलात, मॉनिटर जागे केले, तर दोन्हीकडे नीट मांडलेल्या विंडो एकाच मॉनिटरवर एकीवर एक गोळा झालेल्या.
– एका मॉनिटरवर अक्षरं स्वच्छ. तीच विंडो दुसऱ्यावर ओढली की भुरकट, नाहीतर अवाढव्य.
– माउस मधल्या कडेला अडतो, किंवा उजवीकडे जायला डावीकडून बाहेर पडावं लागतं.
– विंडोच्या जागी नुसता काळा किंवा पांढरा चौकोन.
– दुसरा मॉनिटर मधूनच क्षणभर काळा होतो, परत येतो, आणि दर वेळी विंडो जागा सोडतात.

मी बहुतेक काम सीए, करसल्लागार आणि डीटीपीवाल्यांकडे करतो. एका मॉनिटरवर टॅली आणि दुसऱ्यावर जीएसटीचं पोर्टल ही तिथली नेहमीची मांडणी, आणि २० तारीख जवळ आली की वरच्या यादीतलंच काहीतरी घेऊन फोन येतात. खाली लिहिलंय ते विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतील, क्रम तोच.

विंडो जाते कुठे?

विंडोज तुमच्या टेबलाचा एक नकाशा धरून चालतं. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य, शून्य. १९२० बाय १०८० चा दुसरा मॉनिटर त्याच्या डावीकडे मांडलेला असेल तर त्याचे आडवे आकडे उणे १९२० पासून उणे १ पर्यंत येतात. बरेच प्रोग्रॅम बंद होताना आपली जागा अशा आकड्यांत लिहून ठेवतात. दुसऱ्या दिवशी डावा मॉनिटर काढलेला असतो, तरी एखादा जुना प्रोग्रॅम ‘तिथे आता स्क्रीन आहे का’ हे न विचारता उणे १२०० वर जाऊन उघडतो. त्याच्या लेखी तो व्यवस्थित उघडलाय. तुम्हाला दिसत नाही इतकंच.

बहुतेक बिघाड हे या नकाशातल्या आणि टेबलावरच्या फरकाचे असतात. म्हणून खाली आधी नकाशा, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी ड्रायव्हर (विंडोजला ग्राफिक्सचा भाग चालवता यावा म्हणून लागणारा प्रोग्रॅम) घेतलाय. लोक सुरुवात नेमकी उलट्या टोकाने करतात. कुणीतरी ‘विंडोज नव्याने टाका’ म्हणतं, दिवस जातो, आणि शेवटी कारण निघतं मीटिंग रूममधला टीव्ही.

आधी विंडो परत आणा (खर्च शून्य)

टास्कबारवर त्या प्रोग्रॅमवर एकदा क्लिक करा आणि विंडोजचं बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा. विंडो पुढच्या मॉनिटरवर उडी मारते. आली तर उत्तम.

नाही आली तर जुना उपाय, जो मला अजूनही सगळ्यात भरवशाचा वाटतो. प्रोग्रॅम निवडलेला असताना ऑल्ट धरून स्पेस दाबा. विंडोचा छोटा मेनू उघडतो. विंडोच स्क्रीनबाहेर असल्याने बऱ्याचदा तो अर्धवट एका कडेला दिसतो. आता एम दाबा, म्हणजे ‘मूव्ह’. मग कोणताही एक बाण फक्त एकदाच दाबा. हा एक बाण विसरायचा नाही, त्याने विंडो माउसला चिकटते. नंतर कोणतंही बटण न दाबता माउस हलवला की विंडो त्याच्यामागून येते. हवी तिथे क्लिक करून सोडा. ‘मूव्ह’ फिकट दिसत असेल तर विंडो पूर्ण मोठी केलेली आहे: आधी ऑल्ट, स्पेस, आर करून ती लहान करा, मग हेच पुन्हा. काही प्रोग्रॅमना हा मेनू असा येत नाही, तिथे शिफ्ट धरून टास्कबारवरच्या चिन्हावर राइट क्लिक करा.

‘टंग’ आवाजाचा प्रकारही हाच आहे, आणि यात लोकांचं सर्वात जास्त नुकसान होतं. प्रोग्रॅमने एक छोटा चौकोन उघडलेला असतो. ‘सेव्ह करू का?’, ‘पासवर्ड द्या’, ‘सहीचं प्रमाणपत्र निवडा’ असं काहीतरी. तो चौकोन बाहेरच्या, न दिसणाऱ्या जागेत आहे आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत मुख्य विंडो तुमचं ऐकणार नाही. प्रोग्रॅम हँग झाला असं समजून टास्क मॅनेजरमधून तो बंद केला की न सेव्ह केलेलं काम गेलं. तसं करू नका. ऑल्ट-टॅबने तो चौकोन पुढे घ्या आणि वरच्याच पद्धतीने आत ओढा. एस्केप दाबूनही सुटका होते, पण एस्केप म्हणजे ‘रद्द’. प्रश्न काय होता ते न वाचता रद्द करणं हिशेबाच्या कामात परवडत नाही.

विंडो आत आली की ती योग्य जागी असतानाच प्रोग्रॅम नीट बंद करून पुन्हा उघडा. त्याच वेळी नवी जागा लिहिली जाते. हे केलं नाही तर उद्या सकाळी पुन्हा तेच.

मोड तपासा

विंडोज आणि पी दाबा. चार पर्याय येतात: फक्त पहिली स्क्रीन, दोन्हीकडे तेच (डुप्लिकेट), वाढीव (एक्स्टेंड), फक्त दुसरी. तुम्हाला हवाय तो एक्स्टेंड. कुणीतरी प्रोजेक्टर लावून प्रेझेंटेशन दिलं आणि मोड तसाच राहिला, असं हमखास होतं. ‘फक्त दुसरी’ राहिली असेल तर समोरची स्क्रीन पूर्ण काळी असते आणि लोकांना मॉनिटर गेला असं वाटतं. मॉनिटर दुकानात नेण्याआधी हे दोन सेकंदांचं बटण दाबून बघा.

नकाशातले मॉनिटर मोजा

सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले. वर १, २ असे आकडे घातलेले चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक खऱ्या स्क्रीनवर तिचा आकडा उमटतो. आता टेबलावरचे मॉनिटर आणि चौकोन मोजा. टेबलावर दोन आणि सेटिंगमध्ये तीन असतील तर चोर सापडला.

तो बहुधा टीव्ही असतो. एचडीएमआय केबल सीपीयूपासून भिंतीवरच्या टीव्हीपर्यंत गेलेली, टीव्ही रिमोटने बंद. पण टीव्हीची ओळख, म्हणजे कंपनी, मॉडेल, किती रिझोल्युशन झेपतं ही माहिती एका छोट्या चिपमध्ये असते आणि ती वाचायला लागणारी वीज केबलमधून कॉम्प्युटरच पुरवतो. त्यामुळे टीव्ही झोपलेला असला तरी बऱ्याचदा विंडोजला तो हजरच दिसतो, आणि विंडो आनंदाने तिथे जाऊन उघडतात. वापरात नसेल तेव्हा केबल काढून ठेवा, किंवा तो चौकोन निवडून ‘मल्टिपल डिस्प्लेज’मध्ये ‘डिस्कनेक्ट धिस डिस्प्ले’ करा. मी केबल काढणंच पसंत करतो. सेटिंग कुणीतरी परत बदलतं.

टीव्हीच नेहमीचा दुसरा मॉनिटर असेल आणि टास्कबार किंवा विंडोची वरची पट्टी कापली जात असेल, तर दोष विंडोजचा नाही. टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा कापतो. टीव्हीच्याच चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय शोधा.

मांडणी

त्याच पानावर चौकोन माउसने ओढून टेबलावर आहेत तसे मांडा आणि ‘अप्लाय’ करा. माउस दोन मॉनिटरमध्ये फक्त तिथूनच ओलांडतो जिथे चौकोनांच्या कडा एकमेकींना भिडल्यात. एक चौकोन वर सरकलेला असेल तर कडेच्या उरलेल्या भागात माउस भिंतीला लागल्यासारखा अडेल. एक मॉनिटर आडवा आणि एक उभा असेल तर थोडं अडणारच. विंडोज ११ मध्ये ‘ईझ कर्सर मूव्हमेंट’ ही खूण करून ठेवा. ज्यावर जास्त काम करता तो निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ करायला विसरू नका. लॅपटॉप रोज घरी नेत असाल तर लॅपटॉपची स्क्रीनच मुख्य ठेवा, म्हणजे शून्य, शून्य हा कोपरा तुमच्याबरोबर प्रवास करेल.

अक्षरं भुरकट

स्केल म्हणजे अक्षरं आणि चिन्हं किती मोठी दाखवायची ते माप. लॅपटॉपची स्क्रीन १५० टक्क्यांवर आणि बाहेरचा मॉनिटर १०० वर, ही याची नेहमीची जोडी. प्रत्येक मॉनिटरला वेगळं स्केल देण्याची सोय विंडोज ८.१ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. त्याआधीच्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्रॅम एकाच मापात स्वतःला रेखाटतात आणि दुसऱ्या मॉनिटरवर विंडोज ते चित्र नुसतं ताणतं. ताणलेलं चित्र भुरकटच दिसणार.

शक्य असेल तर दोन्हीकडे स्केल सारखं ठेवा आणि साइन आउट करून परत या. अनेक प्रोग्रॅम स्केल फक्त साइन इनच्या वेळी वाचतात, म्हणून नुसतं बदलून उपयोग होत नाही. सारखं ठेवणं जमत नसेल तर त्या प्रोग्रॅमच्या चिन्हाच्या प्रॉपर्टीज उघडा, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’, आणि सर्वांत खालच्या खुणेत आधी ‘सिस्टम (एनहान्स्ड)’ वापरून बघा, मग ‘अ‍ॅप्लिकेशन’. वर्ड-एक्सेलसाठी फाइल, ऑप्शन्स, जनरलमध्ये ‘ऑप्टिमाइझ फॉर कम्पॅटिबिलिटी’ आहे.

परत आल्यावर सगळ्या विंडो एकाच बाजूला

यामागे मॉनिटरची झोप आहे. डिस्प्लेपोर्टवरचे (एचडीएमआयसारखीच दुसऱ्या प्रकारची जोडणी) बरेच मॉनिटर बटणाने बंद केले किंवा गाढ झोपले की कॉम्प्युटरला ‘मी गेलो’ असं कळवतात, म्हणजे टीव्हीच्या बरोबर उलट. मॉनिटर गेला म्हटल्यावर विंडोज त्याच्यावरच्या विंडो उरलेल्या मॉनिटरवर आणून ठेवतं. त्याच्या परीने ते मदतच करत असतं.

विंडोज ११ मध्ये ‘मल्टिपल डिस्प्लेज’खाली ‘रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन’ ही खूण आहे का ते बघा. विंडोज १० मध्ये ही सोय नाही, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपल्यामुळे ती येण्याची वाटही बघू नका. तिथे मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ‘डीप स्लीप’सारखा पर्याय असेल तर तो बंद करा, किंवा तो मॉनिटर एचडीएमआयवर घ्या. मायक्रोसॉफ्टचंच मोफत पॉवरटॉइज टाकलं तर त्यातलं फॅन्सीझोन्स विंडोंना ठरलेल्या कप्प्यात ठेवतं. शेअर बाजाराचे चार-चार तक्ते उघडे ठेवणाऱ्यांना मी तेच सांगतो.

आता केबल

इथून पुढे सीपीयूच्या मागे वाकायचंय. त्याआधी एक गोष्ट. सीपीयूच्या लोखंडी डब्याला किंवा मॉनिटरच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? येत असतील तर सॉकेटला अर्थिंग नाही किंवा तुटलंय. अशा वेळी चालू वीज असताना एचडीएमआयची पिन काढ-घाल केली तर पोर्ट जळू शकतो. केबलला हात न लावता इथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. कॉम्प्युटरवाल्याचं ते काम नव्हे.

अर्थिंग ठीक असेल तर सगळं बंद करून दोन्ही मॉनिटरच्या केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. व्हीजीए असेल तर बाजूचे दोन्ही स्क्रू आवळा. ते शोभेचे नाहीत.

मग केबल कुठे लावलीय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या सीपीयूला मागे दोन ठिकाणी डिस्प्लेचे पोर्ट असतात: वर यूएसबीच्या शेजारी मदरबोर्डचे, आणि खाली आडव्या पट्टीत कार्डाचे. दोन्ही मॉनिटर खालच्या पट्टीत हवेत. साफसफाईनंतर एक पिन वर जाते आणि ‘दुसरा मॉनिटर सापडत नाही’ सुरू होतं, कारण कार्ड लावल्यावर मदरबोर्डचा डिस्प्ले अनेक मशीनमध्ये आपोआप बंद होतो.

लॅपटॉपवर यूएसबी-सीमधून मॉनिटर चालवत असाल तर लक्षात ठेवा, प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. भोक सारखं असलं तरी आतली जोडणी वेगळी असते.

आता खरी परीक्षा, अदलाबदलीची. मॉनिटर १ ची केबल मॉनिटर २ ला लावा आणि २ ची १ ला. सीपीयूकडची टोकं हलवू नका. काळा पडण्याचा दोष त्याच मॉनिटरवर राहिला तर मॉनिटर किंवा त्याचा पॉवर अ‍ॅडॅप्टर. दोष दुसऱ्या मॉनिटरवर गेला तर केबल किंवा सीपीयूचा पोर्ट. मग सीपीयूकडची टोकं बदला: दोष आता आहे त्याच मॉनिटरवर राहिला तर केबल, दुसऱ्या मॉनिटरवर गेला तर पोर्ट. नवीन मॉनिटर घ्यायला निघालेल्या माणसाचं काम यात बऱ्याचदा एका केबलवर भागतं.

एचडीएमआयचं व्हीजीए करणारं छोटं कन्व्हर्टर मधे असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. स्वस्तातली कन्व्हर्टर मॉनिटरची ओळख नीट पुढे पोचवत नाहीत. मग चुकीचं रिझोल्युशन बसतं किंवा मॉनिटर येतो-जातो, आणि प्रत्येक ये-जा झाली की विंडो पुन्हा विखुरतात. फोरके मॉनिटरवर माउस जड वाटत असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ उघडा. ३० हर्ट्झ दिसलं तर जोडणी एचडीएमआय १.४ वर अडकलेली असण्याची शक्यता मोठी. ६० साठी पोर्ट, केबल आणि मॉनिटर तिन्ही २.० च्या ताकदीचे लागतात.

शेवटी ड्रायव्हर

काळा-पांढरा चौकोन फक्त ब्राउझरमध्ये येत असेल तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी क्रोमच्या सेटिंग्ज, सिस्टममध्ये ‘यूज ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल’ बंद करून क्रोम पुन्हा चालू करा. थांबलं तर गोंधळ ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा आहे हेही कळलं.

सगळीकडे होत असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. स्क्रीन क्षणभर लवते, बीप येतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू झाला. उघडं काम जात नाही, तरी आधी सेव्ह केलेलं बरं. मग मशीन रीस्टार्ट करा. ‘शट डाउन’ नको: फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत येते. रीस्टार्टमध्ये तसं होत नाही.

तरीही तेच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ लिहिलं असेल तर खरा ड्रायव्हर चालतच नाहीये, दुसरा मॉनिटर मिळायचा कुठून? ड्रायव्हर लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. ‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने आहेत’ असं ओरडणारे मोफत प्रोग्रॅम टाकू नका. त्यांची घाण काढायला ड्रायव्हरपेक्षा जास्त वेळ लागतो. बिघाड एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर नवा शोधण्यापेक्षा ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आधी.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पोर्टची पिन वाकलीय, पोर्ट हलतोय किंवा जळका वास येतोय. अदलाबदलीत दोष सीपीयूच्या पोर्टवर ठरलाय. ड्रायव्हर मागे नेऊनही स्क्रीन काळी पडते किंवा निळी स्क्रीन येते. मॉनिटरच्या आत काय आहे ते बघण्यासाठी त्याचं मागचं झाकण तर कधीच उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या पॉवर सप्लायमध्ये धोकादायक व्होल्टेज राहू शकतं.

रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या आतल्या सेटिंगचा साठा) ‘ग्राफिक्सड्रायव्हर्स’खालच्या नोंदी पुसायचा उपाय तुम्हाला कुणीतरी सांगेल. विंडोजने आजवर पाहिलेल्या मॉनिटरच्या मांडण्या तिथे साठलेल्या असतात आणि त्या पुसल्याने कधीकधी खरंच फरक पडतो. पण शेजारची नोंद उडाली तर मशीन चालू होताना अडेल. रिस्टोर पॉइंट म्हणजे काय हे माहीत नसेल तर तो उपाय तुमच्यासाठी नाही. ऑफिसच्या मालकीचा, कंपनीच्या आयटीकडून नियंत्रित होणारा लॅपटॉप असेल तर ड्रायव्हरपर्यंतही जाऊ नका. डॉकचा, म्हणजे लॅपटॉपला मॉनिटर जोडणाऱ्या डबीचा, ड्रायव्हर त्यांच्याच परवानगीने बदलतो.

बोलावण्याआधी सीपीयूच्या मागच्या केबलचा फोटो, डिस्प्ले सेटिंगच्या पानाचा फोटो, आणि अदलाबदलीत दोष कुठे गेला हे एका ओळीत, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. येणारा माणूस योग्य केबल किंवा कार्ड घेऊनच येतो, दुसरी फेरी वाचते. आणि तो विंडोज नव्याने टाकायचं म्हणाला, तर आधी टॅलीच्या डेटाचा बॅकअप वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशीनवर तो उघडतो का ते त्याच्यासमोर तपासा.